स्वमग्नता : शब्द नसले तरी मूल सांगत असते

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हे मेंदूच्या वाढीतील वेगळेपण आहे. ते आईवडिलांच्या चुकीमुळे किंवा लसीमुळे होत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी दिलेली माहिती यांवरून निदान होते.

म्हणूनच घरच्यांचे बोलणे डॉक्टरांनाही बरेच शिकवते. ‘फार हट्टी आहे’ अशी तक्रार आली, की त्याआधी नेमके काय घडले हे आम्ही विचारतो. अनेकदा कारण कुकरची शिट्टी, लग्नातली गर्दी किंवा नेहमीचा रस्ता बदलणे असे असते. मूल कान झाकून, रडून तेच सांगत असते. कारण कळले की उपायही सुचतात: बदलाची आधी कल्पना देणे, चित्रे दाखवणे, घरात एक शांत कोपरा ठेवणे.

ही लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटा:

• १ वर्षानंतरही नावाने हाक मारल्यावर न पाहणे
• १८ महिन्यांपर्यंत बोटाने वस्तू न दाखवणे
• येत असलेले शब्द बंद होणे

‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. श्रवणचाचणी करून घ्या. निदान पक्के होण्याआधीही स्पीच थेरपी सुरू करता येते. स्वमग्नता पूर्ण बरी करण्याचा दावा करणाऱ्यांवर पैसे घालवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा.