ज्योतीतलं शीत

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण बोटांत चेपेपर्यंत शीत शीतच राहतं. ज्योतीचं तसं नाही. 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी मुलांसमोर मेणबत्तीच्या ज्योतीत काचेची वाकडी नळी धरली आणि आतली वाफ बाहेर आणून दाखवली. मेणाची वाफ सुखरूप आली. पण ज्यांच्या जोरावर ज्वलन चालतं, ते हायड्रोजनचे सुटे अणू, हायड्रॉक्सिलसारखी मूलकं अशा नळीत वाटेतच संपतात.

हे अणू आणि मूलकं ओळखायची तर मास स्पेक्ट्रोमीटर हवा. तो रेणू वजनावरून ओळखतो, पण त्याला निर्वात पोकळी लागते; साध्या हवेच्या दाबापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी दाब.

ज्योतीतून या पोकळीत नमुना न बिघडता नेण्याची वाट सापडली ती वायुगतिकीत, आणि या शोधाच्या कुळकथेत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. 1951 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या आर्थर कँट्रोविट्झ आणि जेरी ग्रे यांना हवा होता रेणूंचा जोरकस झोत. बारीक छिद्रातून निर्वातात सुटलेला वायू ध्वनीहून वेगाने फुलतो, काही मायक्रोसेकंदांत गारठतो आणि रेणूंच्या टकरा थांबतात. टक्करच नाही, तर रासायनिक क्रिया कुठून होणार? झोताचा गाभा धारदार तोंडाच्या पोकळ शंकूने अलगद वेगळा काढायचा, दुधावरची साय काढावी तसा. शंकूचं ‘स्किमर’ हे नावही त्यावरूनच. हार्वर्डच्या किस्तियाकोव्स्की आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी ही कल्पना प्रयोगात उतरवून पाहिली.

1953 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फोनर आणि हडसन यांनी ज्योतीतले सुटे अणू आणि मूलकं मास स्पेक्ट्रोमीटरने टिपली. झोत ते ठरावीक ठेक्यात अडवत आणि सोडत. त्या ठेक्याने हलेल तेवढाच संकेत ज्योतीचा, बाकीचा यंत्रातल्या शिल्लक वायूचा.

गारठ्याची किंमतही मोजावी लागली. 1963 मध्ये ग्रीन आणि मिल्न यांना अशा झोतात आर्गॉनच्या अणूंचे पुंजके दिसले. म्हणजे नमुना घेण्याची रीतच नवे पदार्थ घडवत होती! तेव्हापासून मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखात कुठलंही नवं शिखर दिसलं की ते ज्योतीचं की झोताचं, हे आधी तपासावं लागतं.

वजनानेही सगळं उलगडत नाही. अॅसिटाल्डिहाइड आणि इथेनॉलचा असंतृप्त भाऊ व्हिनाइल अल्कोहोल, दोघांचंही वजन 44. मात्र इलेक्ट्रॉन सोडायला पहिल्याला 10.23 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, दुसऱ्याला 9.33. सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशाची ऊर्जा नेमकी या दोहोंच्या मध्ये ठेवून 2005 मध्ये ज्योतींत व्हिनाइल अल्कोहोल आणि त्याचे इनॉल भाऊबंद सापडले. ज्वलनाच्या तोवरच्या प्रमाण प्रारूपांत ते धरलेलेच नव्हते.