इओसिनोफिलिया : एका नावाचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावी दीर्घकाळ खोकणारा मनुष्य रक्त तपासून येतो व ‘इस्नोफिलिया निघाला’ असे सांगतो, तेव्हा आपण रोगाचे नाव सांगत आहोत अशी त्याची समजूत असते. वस्तुतः हा शब्द एका गणनेचा वाचक आहे. लक्षणालाच रोगाचे नाव मिळाले म्हणजे निदानाचे काय होते, हे या शब्दाच्या इतिहासात पाहावयास सापडते.

इओसिन या रंगद्रव्याने रंगणाऱ्या श्वेत कोशिका पाउल एर्लिख याने १८७९ मध्ये निराळ्या ओळखल्या. पुढे १९४० मध्ये मदनपल्ली येथील क्षयरोग आरोग्यधामातील फ्रिमोट-म्योलर व बार्टन यांनी अशा कोशिका अतोनात वाढलेल्या काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या फुप्फुसांची क्ष-किरण चित्रे क्षयासारखी दिसत. म्हणून या अवस्थेस क्षयाभासी म्हटले गेले. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी भारतातील ८१ रुग्णांच्या आधारे ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ केले व आर्सेनिकयुक्त औषधाचा गुण नोंदविला. उपचार सापडला होता. कारण मात्र अज्ञात होते. नावातील ‘उष्ण प्रदेश’ त्या अज्ञानावरील आवरण होते.

१९५० नंतरच्या दशकात हत्तीपायावरील डायएथिलकार्बामाझीन हे औषध येथेही लागू पडते असे आढळले. १९६० मध्ये वेल्लोर येथील वेब, जॉब व गॉल्ट यांनी अशा रुग्णांच्या फुप्फुसांत, यकृतात व लसीका ग्रंथींत हत्तीपायाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले दाखविली. ती रक्तात सहसा सापडत नाहीत, कारण शरीराची तीव्र प्रतिक्रिया त्यांना ऊतींतच अडवून नष्ट करते. हत्तीपायाचा उपद्रव अनुभवलेल्या वर्धा जिल्ह्याला हा शोध दूरचा नाही.

तथापि प्रत्येक वाढीव गणना याच रोगाची नसते. आतड्यातील कृमी, दमा, औषधांची प्रतिक्रिया, रक्ताचे अर्बुद यांतही ती वाढते. १९७५ मध्ये चुसिड व सहकाऱ्यांनी घन मिलिमीटरमागे १,५०० हून अधिक कोशिका, सहा महिन्यांचा काळ, अन्य कारणाचा अभाव व इंद्रियांची हानी या कसोट्या मांडल्या. २००३ मध्ये अशा काही रुग्णांत दोन जनुकांचा विकृत संयोग आढळला व इमॅटिनिबचा गुण उलगडला. याउलट स्ट्राँगिलॉइडिस कृमी असताना तो न ओळखता स्टेरॉइड दिल्यास प्राणावर बेतू शकते.

सारांश, अहवालातील हा शब्द निदानाचा आरंभ होय, शेवट नव्हे.