तडीपारी आणि पडद्याआडचा साक्षीदार

‘तडीपार’ हा शब्द आपल्या सीमाभागात पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामागचा कायदा मात्र फारसा कोणी वाचत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून निपाणी-बेळगावला १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू होता. जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नसतील, तर माणसाला हद्दीबाहेर घालवण्याची मुभा त्यात होती. पुढे १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्यातही तीच तरतूद आली. राज्य बदलले, कलमाचा आशय तोच राहिला.

अशा माणसाला नोटिशीत आरोपांचे केवळ सर्वसाधारण स्वरूप कळवतात. साक्षीदाराचे नाव नाही, उलटतपासणी नाही. १९५२ साली गुरबचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. पुढे पंढरीनाथ रांगणेकर खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांनीही सांगितले, की तपशील दिला तर साक्षीदार ओळखू येतील आणि कायद्याचा हेतूच फसेल.

फौजदारी खटल्यात असे चालत नाही. तेथे पुरावा आरोपीसमोर व्हावा लागतो. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेने भीतीवर पहाऱ्याचा आणि ओळख जपण्याचा उपाय दिला. साक्षीदाराला खरोखर असे संरक्षण मिळाले, तर घर सोडून जाणाऱ्याला निनावी शब्दांशी झुंजावे लागणार नाही. दोघेही आपलेच शेजारी आहेत, एवढे विसरू नये.