यंत्राचा डोळा



आमच्या इंदापूर तालुक्याच्या शेजारीं, भीमेपलीकडे, करमाळें तालुक्यांत जेऊर नांवाचें रेल्वेस्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं तेथें खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्याचे वेध घेण्यासाठीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं उपकरणें घेऊन आले होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनींही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा तेथेंच उभा केला होता. खग्रास अवस्था अवघीं दोनेक मिनिटें टिकली. एवढ्या अल्प अवधींत मानवी डोळ्याला जें धरून ठेवतां येत नाहीं, तें चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कांचेनें टिपून ठेविलें. आपल्या मुलखांत यंत्राच्या डोळ्यानें केलेलें हें एक मोठें काम होय. आज कारखान्यांतून ज्याला ‘व्हिजन सेन्सर’ म्हणतात, तो याच कुळांतला आहे.

तथापि जेऊरच्या कांचेला एक मर्यादा होती. तिला पाहतां येत असे, पण निवाडा देतां येत नसे. अंधाऱ्या खोलींत ती कांच धुवावी, मग चित्र उमटावें, आणि मग विद्वानांनीं त्याचा अर्थ लावावा, असा तो क्रम. कारखान्यांत पट्ट्यावरून धांवणारी बाटली इतका वेळ थांबत नाहीं. तेथें प्रकाशाची तत्काळ वीज व्हावी लागते.

ती वाट निराळ्याच कामांतून सांपडली. समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींची परीक्षा करीत असतां, सेलेनियम या द्रव्यावर उजेड पडला कीं त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते, असें १८७३ सालीं विलोबी स्मिथ या इंग्रज गृहस्थानें प्रसिद्ध केलें. पुढें प्रकाशामुळें धातूंतून विजेचे कण कां सुटतात, याची उपपत्ति १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं मांडली. या ज्ञानाचा उपयोग धान्याच्या धंद्यांतही झाला. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत घेवड्याचे दाणे रंगावरून निवडणारें यंत्र १९३२ पर्यंत चालू झालें होतें. परंतु त्या डोळ्याला केवळ उजेडाचें मान कळे. आकृति कळत नसे.

आकृति पाहणाऱ्या डोळ्याच्या वाटेवर १९६९ सालीं एक मोठें पाऊल पडलें. त्या वर्षीं बेल प्रयोगशाळेंत बॉइल आणि स्मिथ यांनीं ‘सीसीडी’ची कल्पना काढली, तिच्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तिची रचना समजण्यास सोपी आहे. शाळेच्या पटांगणांत ओळीनें वाट्या मांडल्या आहेत आणि पाऊस पडत आहे, अशी कल्पना करा. पाऊस थांबल्यावर प्रत्येक वाटींत किती पाणी सांचलें तें मोजलें, तर कोठें जास्त पडला व कोठें कमी, याचा नकाशा तयार होईल. सिलिकॉनच्या चकतीवर अशाच लक्षावधि सूक्ष्म वाट्या असतात. भिंगांतून आलेला प्रकाश हा त्यांतला पाऊस, आणि सांचणारें पाणी म्हणजे विजेचे कण. प्रत्येक वाटीचें माप बहुधा शून्यापासून २५५ पर्यंतच्या एका अंकांत लिहिलें जातें. चित्र म्हणजे या अंकांचा तक्ता. दुसरें कांहीं नाहीं.

पुढचें काम गणिताचें. औषधाच्या बाटलीचें बूच जेथें असावयास हवें, तेथील अंक ठरलेल्या मर्यादेंत आहेत काय, एवढें यंत्र तपासतें. आहेत, तर बाटली पुढें. नाहींत, तर बाहेर. साधा कॅमेरा चित्र देतो; व्हिजन सेन्सर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देतो, हाच दोहोंतला भेद. मात्र उजेड स्थिर हवा. खिडकींतून येणारें ऊन हललें, तर अंकही हलतात. म्हणून या डोळ्याजवळ स्वतंत्र दिवा बसवितात.

आमच्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत तीनचाकी वाहनें तयार होतात. वाहनांच्या धंद्यांत सर्वत्रच या डोळ्याला पुष्कळ काम आहे : भोंक योग्य जागीं पडलें काय, स्क्रू बसला काय, भागावरचा क्रमांक कोणता, हें तो न थकतां पाहतो. डाळीच्या गिरण्यांतून काळा दाणा किंवा खडा दिसला कीं हवेचा झोत सोडून तो उडवून लावितात. पूर्वीं हेंच निवडण्याचें काम बायाबापड्या दिवसभर मान मोडून करीत.

आतां फळांची प्रतवारीही यंत्रें करूं लागलीं आहेत, आणि येथें आपण शेतकऱ्यांनीं सावध असावें. डाळिंबाच्या सालीवर उन्हाचा एक चट्टा आहे. आंतले दाणे लालबुंद व गोड आहेत. सालीवरून फिरणाऱ्या डोळ्याला गोडी कळत नाहीं. तो चट्ट्याचें क्षेत्र मोजतो आणि ठरलेल्या रेषेपलीकडे गेलें कीं फळ खालच्या प्रतींत टाकतो. वर्षाच्या कष्टाचें मोल त्या एका रेषेवर ठरतें. ती रेषा यंत्रानें आंखलेली नसते. खरेदी करणाऱ्या माणसानें आंखलेली असते.

म्हणून यंत्रावर रागावूं नये, आणि ‘यंत्र कधीं चुकत नाहीं’ असें म्हणून मुकाट्यानें घरीही परतूं नये. कोणती मर्यादा ठेविली आहे, हें विचारावें; फळें देण्यापूर्वीं ती लिहून घ्यावी. तराजूचें माप पडताळून पाहण्यास आपण शिकलों. या नव्या मापालाही तोच नियम लागू आहे. डोळा यंत्राचा असला, तरी न्याय माणसाचाच असतो, आणि त्याचा जाब माणसालाच विचारतां येतो.