अंगणातून वर्गाकडे

पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलाची पाटी कोरी असली, तरी मन कोरे नसते. आजीच्या गोष्टी, आईवडिलांचे बोलणे, शेजारपाजारची भाषा यांची शिदोरी त्याच्याजवळ असते. ती कोणाची पुस्तकी भाषेच्या जवळची असते, कोणाची दूरची. या अंतरालाच शाळा अनेकदा बुद्धीची उणीव समजते.

ही चूक सुधारण्याचा मार्ग ताराबाई मोडक यांनी दाखविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु बालमंदिरांचा लाभ मुख्यतः शहरांतील सुस्थितीतल्या घरांना मिळत होता. म्हणून १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले केंद्रापर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया व पानाफुलांनी घेतली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही भरली. मूल शाळेसाठी सिद्ध नसेल, तर शाळेने मुलासाठी सिद्ध व्हावे, हाच या प्रयोगांचा अर्थ. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या शाळेला हा इतिहास विशेष जवळचा आहे. आपल्या मुलांच्या घरात एक भाषा, गल्लीत दुसरी. नोकरीच्या आरंभी एका मुलीच्या नावापुढे मी ‘बोलत नाही’ असा शेरा लिहिला होता. मधल्या सुट्टीत तीच मुलगी धाकट्या भावाला दोन भाषांच्या मिश्रणात लांबलचक गोष्ट सांगताना दिसली. तो शेरा मी खोडला. मुकी ती नव्हती. ऐकण्यात मी कमी पडले होते.

पालकहो, घरी पुस्तकांचे कपाट नसले तरी संकोच बाळगू नका. स्वयंपाक करताना, बाजारातून येताना, रात्री अंथरुणावर मुलांशी आपल्या भाषेत बोला आणि त्यांचे शेवटपर्यंत ऐका. पुढचे काम आमचे. हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या वतीने मी एवढेच वचन देते की, घरून आलेली कोणतीही बोली वर्गाच्या उंबरठ्याबाहेर ठेवावी लागणार नाही.