रक्ताची शाई आणि कागद नसलेल्यांचा इतिहास

अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची कथा येते. या गुणाढ्याच्या मामांची नावे वत्स आणि गुल्मक. आपल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. म्हणून ही कथा आपल्या दाराशी आहे. पैजेत हरलेल्या गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडाव्या लागल्या. उरली पिशाचांची पैशाची. अरण्यात शाई नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. सातवाहन राजाने पैशाचीतली, रक्ताने लिहिलेली ती पोथी झिडकारली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकत गेला. एक लाख श्लोक तेवढे वाचले.

ही दंतकथा आहे. पण तिच्यातला व्यवहार आपल्याला चांगला ठाऊक आहे. रक्त सांडले लेखकाचे आणि अमंगळ ठरली त्याचीच पोथी. गावाबाहेर ज्यांना ठेवले, स्मशानाची कामे ज्यांच्यावर लादली, त्यांनाच भुताखेतांचे सोबती म्हटले गेले. त्यांच्या श्रमावर जगणारे मात्र सभ्य!

हा उलटा न्याय पुन्हा उलटवणारी एक कादंबरी अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका ज्युएल गोमेझ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली : 'द गिल्डा स्टोरीज'. १८५० साली मिसिसिपीतल्या मळ्यावरून पळालेली एक गुलाम मुलगी लुइझियानात पोचते. तिला आसरा देणारी स्त्री रक्तपिपासू आहे. पुढे ही मुलगीही तशीच होते, त्या स्त्रीचे गिल्डा हे नाव घेते आणि मरण ओलांडून जगत राहते. १८९०चे कॅलिफोर्निया, १९२१चे मिसुरी, १९५५चे बोस्टन असे टप्पे घेत कथा थेट २०५० सालात जाते. तिथे पृथ्वी नासली आहे आणि दीर्घायुष्याच्या हव्यासापोटी श्रीमंत लोक गिल्डासारख्यांची शिकार करवीत आहेत. ऐतिहासिक कादंबरी इथे विज्ञानकथा होते. गिल्डाचा एक दंडक आहे : रक्त घ्यायचे ते जीव न घेता, आणि ज्याचे घेतले त्याच्या मनाला काही देऊन जायचे. मग खरा रक्तशोषक कोण? माणूस विकत घेणारा मळेवाला, की ही?

'हे तर रंजन झाले. आपल्याला वास्तव हवे', असे आपले कार्यकर्ते म्हणतील. पण इतिहास लिहायला कागद लागतो. माझ्या आज्याच्या नावाचा एकही कागद नाही. सातबारा नाही, पत्र नाही, फोटो नाही. आत्मकथन एका आयुष्यापुरते पोचते. फार तर आजीच्या आठवणीपर्यंत. त्यामागे काळोख. गुलामांच्या वंशजांचीही हीच अडचण. गोमेझ यांनी तिच्यावर तोड काढली : दोनशे वर्षे जगणारी साक्षीदार. तिचे अमरत्व म्हणजे दप्तरात नसलेल्या लोकांची स्मृती होय.

असा साक्षीदार वऱ्हाडात असता तर त्याने काय पाहिले असते? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८७० साली खामगावच्या बाजारापर्यंत आगगाडी आली. परक्या बाजारासाठी पिकवणाऱ्या याच वऱ्हाडावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ कोसळले. मिसिसिपीतला गुलाम आणि वऱ्हाडातला वेचणीचा मजूर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण बाजार त्यांचा एकच होता. सरकारी अहवालांत गाठींचा हिशोब सापडतो, वेचणाऱ्या बायांची नावे सापडत नाहीत. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्याच्या शंभर वर्षे आधीच कापसाने हे नाते जोडले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण जुन्या दैवतांना रामराम ठोकला. भुताळी ठरवून बायांचा छळ होतो म्हणून २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मग हे पिशाच्च पुन्हा घरात का घ्यायचे? घ्यायचे नाहीच, श्रद्धा म्हणून तर मुळीच नाही. परंतु प्रतिमा आणि श्रद्धा एक नव्हेत. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली, म्हणून तो भुते मानीत होता असे कोणी म्हणत नाही.

अशी कादंबरी वऱ्हाडीत, वेचणीच्या बाईच्या तोंडून लिहिली गेली पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तरी ती लिहील. तिची भाषा एखाद्या दरबारात पैशाची ठरली, तरी त्याने पाने अग्नीत टाकू नयेत, आपल्याकडे आणावीत.