बाजरीचें माहेर

जुहूच्या किनाऱ्यावर सायंकाळीं फिरावयास जाणें हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. मागील महिन्यांत परततांना एका लहानशा उपाहारगृहाची नवी पाटी दृष्टीस पडली. येथें पश्चिम आफ्रिकेंतील पदार्थ मिळतात, असें तीवर लिहिलें होतें. बरोबर नगरकडील एक वृद्ध स्नेही होते. "असलें परदेशी अन्न आपल्या पोटास मानवेल काय?" अशी त्यांनीं शंका काढली, तरी आम्हीं त्यांस आग्रहानें आंत नेलें.

प्रथम वडे आले. भिजविलेल्या चवळीचीं सालें काढून ती वाटावी, तींत कांदा व मिरची घालून तळावी, कीं झाला हा 'अकारा'. मागून भेंडीचें कालवण आलें व त्याबरोबर बाजरीच्या पिठाचा शिजवून घोटलेला गोळा. एक घास घेतांच आमचे स्नेही उद्गारले, "अहो, हा तर आमच्या आजीचा घाटा!"

उद्गार खरा होता, परंतु नातें उलट होतें. ज्या बाजरीस आपण अस्सल देशी धान्य समजतों, ती मूळची सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. मालीच्या उत्तर भागांत सुमारें ४५०० वर्षांपूर्वीं तिची लागवड होत असल्याचा पुरावा उत्खननांत मिळाला आहे. चवळीहि आफ्रिकेचीच. ज्वारीचें मूळ सुदानकडे, तर नाचणीचें पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांत. म्हणजे देशावरची व कोंकणांतील, दोन्ही भाकरी तिकडच्याच बियाण्याच्या! हीं धान्यें इकडे कोणी आणिलीं, त्या शेतकऱ्याचें किंवा खलाशाचें नांव कोणत्याहि शिलालेखांत नाहीं. पुढें हीच चवळीच्या वड्याची कृति गुलामांबरोबर अटलांटिक ओलांडून ब्राझीलच्या बाहिया प्रांतांत गेली. तेथें त्यास 'अकाराजे' म्हणतात.

आम्हीं मात्र तीस वर्षें वर्गांत निराळेंच शिकविलें. इंग्रजी ग्रंथांवर विसंबून, आफ्रिकेनें जगाकडून घेतलें, दिलें कांहींच नाहीं, असें आम्ही सांगत आलों. हबशी म्हणून गुलामगिरींत विकला गेलेला आणि पुढें निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर १६२६ सालीं वारला, एवढ्यावरच आमचें आफ्रिका-प्रकरण संपत असे. ज्या भाकरीवर मलिक अंबराचें सैन्य व त्याचे शत्रु दोघेहि पोसले गेले, तिच्याकडे आमचें लक्ष कधीं गेलेंच नाहीं.

वाढणारा तरुण नायजेरियाचा होता. मुंबईंत राहावयास जागा मिळते काय, असें आम्हीं सहज विचारिलें. तो हंसला व म्हणाला, "फोनवर मिळते; मला पाहिलें कीं नाहींशी होते." आम्हांस आमच्याच इमारतींतील गेल्या वर्षींची सभा आठवली. एका आफ्रिकी विद्यार्थ्यास खोली देऊं नये, असें तींत ठरलें होतें, आणि आम्ही, इतिहासाचे अध्यापक, तेथें मूग गिळून बसलों होतों.

तो विषय पुढील सभेंत पुन्हां काढावा, असें आम्हीं ठरविलें आहे. आमचे स्नेही अनुमोदन देणार आहेत.